दाखल्यात उत्पन्न कमी दाखवायचं म्हणे!

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. फील्डवर्कच्या जर्नलमध्ये योजनेच्या उत्पन्नमर्यादेवर लिहिलं, तर परवा सुपरव्हायझरांनी ते माझ्याकडं परत सरकवलं, "धोरण-बिरण मंत्रालयात बघतात. तू तुझी केस मिटव." तेव्हापासून डोकं तापलंय नुसतं.

केस काय, तर कसबा बावड्यातल्या एक मावशी. नवरा गेला, पदरात शाळकरी मुलगी. दोन घरची धुणीभांडी करून महिन्याला 2,400 रुपये. निराधारांना महिन्याला सरकारी मदत देणाऱ्या संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला बसलो. मावशींनी प्लास्टिकच्या पिशवीतनं कागद काढले. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्याला घडीवर चिकटपट्टी लावलेली, इतक्यांदा तो कुठं कुठं दाखवून झालाय! वर्षाचं उत्पन्न मांडलं, 28,800. मर्यादा कुटुंबाला 21,000. म्हणजे दिवसाला 58 रुपये! 58 रुपयांत मायलेकी जगल्या तरच निराधार?

मावशी हळूच म्हणाल्या, "ताई, एक घर सोडू व्हय?"

योजनेच्या महिना 1,500 रुपयांसाठी बाई हातातलं काम सोडायला निघाली, आणि हे नियमात बसतंय!

संस्थेत सांगितलं तर उत्तर तयार. तलाठ्याकडनं कमी उत्पन्नाचा दाखला आणा, सगळेच आणतात. अहो, सगळेच आणतात म्हणजे आकडा चुकीचाय हे सगळ्यांनाच ठाऊक आहे की! मग तो बदला म्हणून कोण बोलणार? मी म्हटलं, आपल्याकडच्या अशा सगळ्या केसेस एकत्र करू, आमदारांना, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन देऊ. तर म्हणे, "आपल्याला राजकारण नको." राजकारण कसलं त्यात? ॲडव्होकसीचा, म्हणजे धोरण बदलायला पाठपुरावा कसा करायचा याचा, पेपर आहे आम्हाला, त्यात हेच लिहून मार्क मिळवायचे आणि वस्तीत गेलं की वह्यावाटपाच्या बॅनरमागं फोटोला उभं राहायचं!

आणि हे कोल्हापुरात! 26 जुलै 1902 ला शाहू महाराजांनी एका हुकमानं संस्थानच्या नोकऱ्यांत 50 टक्के जागा मागासांना राखल्या. 1917 ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. नियम बदलला की हजारो घरं बदलतात हे या गावानं बघितलंय. दरवर्षी 26 जूनला, महाराजांच्या जयंतीला, दसरा चौकात त्यांच्या पुतळ्याला हार घालतो, भाषणं करतो, आणि नियमावर बोट ठेवणाऱ्या पोरीला गप्प बसवतो.

जर्नल मी परत लिहिणार नाही. 21,000 चा आकडा, खाली लाल रेघ, तसंच राहील ते. काय मार्क कापायचे ते कापा.

बुधवारी परत बावड्याला जायचंय. मावशींनी तोवर खरंच एक घर सोडलेलं नसू दे.