बिनेच्या नावावर काहीही खपवता राव

फॅमिली ग्रुपवर परत तोच मेसेज. 'आयक्यूचे जनक आल्फ्रेड बिने यांनी सिद्ध केलंय की बुद्धी जन्मजात असते, मरेपर्यंत बदलत नाही, तेव्हा मुलाचा आयक्यू पाचव्या वर्षीच काढा आणि त्यावरून लाइन ठरवा.' मामा, राग मानू नका, पण यात त्याचं स्पेलिंग तेवढं बरोबर आहे.

आधी ते 'जनक'. बिने हा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ. त्याने सहकारी सिमोनला सोबत घेऊन १९०५ मध्ये मुलांची बुद्धी तपासायला ३० प्रकारच्या कामांची चाचणी बनवली, म्हणजे पेटलेल्या काडीमागे नजर फिरते का, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यातला फरक कळतो का, इथपासून सुरुवात. मानसिक वय (म्हणजे मुलाला किती वर्षांच्या पोरांइतकं जमतं ते) भागिले खरं वय हा हिशोब जर्मनीच्या स्टर्नचा, १९१२ चा, आणि त्याला १०० ने गुणून आयक्यू घरोघरी पोचवला तो अमेरिकेच्या टर्मनने १९१६ मध्ये. बिने १९११ लाच गेला, तो आकडा त्याने बघितला पण नाही!

आता 'सिद्ध केलं'. अहो उलटंय सगळं. फ्रान्समध्ये शिक्षण सक्तीचं झालेलं, वर्गात मागे पडणाऱ्या पोरांचं काय करायचं म्हणून सरकारने १९०४ मध्ये कमिशन नेमलं, त्यात हा होता, चाचणी त्यातून आली, कुणाला जादा मदत लागेल ते शोधायला. आणि १९०९ च्या पुस्तकात तर तो बुद्धी ठरलेली असते म्हणणाऱ्यांवरच तुटून पडलाय, असल्या निराशेला विरोध केलाच पाहिजे म्हणतो. नुसता बोलला नाही, लक्ष टिकवायला शिकवणारे व्यायाम काढले, त्यांना 'मानसिक ऑर्थोपेडिक्स' म्हणायचा. त्यात एक आपल्या स्टॅच्यूसारखाच, हुकूम झाला की पोरांनी आहे तसं थिजायचं. (मला हा माणूस इथेच आवडला.)

मग जन्मजात वगैरे आलं कुठून? अमेरिकेत गॉडार्ड नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चाचणी उचलली, भाषांतर केलं, आणि त्यावर आनुवंशिकतेचं स्वतःचं मत चिकटवलं. मेसेजमधला बिने म्हणजे खरं तर हाच.

राहिलं पाचवं वर्ष. बिनेच्या घरात दोन मुली, मादलेन आणि अलिस, दोघींवर वर्षानुवर्षं प्रयोग केले त्याने, आणि लिहिलं काय तर एकीचं डोकं बारकाव्यात चालतं, दुसरीचं कल्पनेत. पहिला नंबर कुणाचा, हा त्याचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडे ती चाचणी कामतांनी मराठी-कन्नड मुलांसाठी बसवली, बिने-कामत म्हणतात, बौद्धिक अक्षमता तपासायला अजून वापरतात. सायन्स की कॉमर्स ते ठरवायला नाही, मामा.