‘निदान २ जीबीचे कार्ड तरी बसवाच’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

संगणक असेंबल करून घेणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: प्रोसेसरमधले ग्राफिक्स (पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) नावापुरते असते, ते रॅम खाते, पुढे सुधारणेला वाव ठेवत नाही, म्हणून निदान २ जीबीचे स्वस्त ग्राफिक्स कार्ड तरी बसवाच. या सल्ल्यापायी मुळात बेताचे बजेट असलेल्या विद्यार्थ्यांचे पैसे भलत्या जागी जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘नावापुरते’ हे एकेकाळी खरे होते. तेव्हा हे ग्राफिक्स मदरबोर्डच्या चिपसेटमध्ये असे. २०११ साली इंटेलने सँडी ब्रिज या प्रोसेसर-मालिकेत ते प्रोसेसरच्याच चिपवर आणले आणि त्यासोबत व्हिडिओ एन्कोड करणारे, म्हणजे साठवण्यासाठी तो आटोपशीर रूपात बदलणारे, क्विक सिंकही दिले. एएमडीच्या २०२४ मधील रायझन ७ ८७००जीवर तर बऱ्याच गेम १०८०पी रिझोल्यूशनला, सेटिंग उतरवून, नीट चालतात.

सल्ल्यातील सर्वांत फसवा भाग म्हणजे ‘२ जीबी’ हा आकडा, कारण तो मेमरी किती आहे एवढेच सांगतो, ती किती वेगाने वाचता येते हे सांगत नाही. जीटी १०३० हे कार्ड एकाच नावाने दोन प्रकारांत विकले गेले: जीडीडीआर५ या वेगवान प्रकारची मेमरी असलेल्याचा मेमरीवेग सेकंदाला सुमारे ४८ जीबी, तर डीडीआर४ ही साध्या रॅमची मेमरी असलेल्याचा जेमतेम १७ जीबी. डीडीआर४-३२०० रॅमच्या दोन स्टिक ड्युअल चॅनलमध्ये (दोन्ही एकाच वेळी वाचता येतील अशा) लावल्या, तर संगणकाला मुळातच सेकंदाला ५१.२ जीबीचा वेग मिळतो. हा वेग प्रोसेसर आणि ग्राफिक्स यांना वाटून घ्यावा लागतो हे मान्य केले, तरी सेकंदाला १७ जीबी वेगाच्या कार्डासाठी वेगळे पैसे मोजण्याचे समर्थन होत नाही. शिवाय जीटी १०३० मध्ये व्हिडिओ एन्कोडरच नाही.

रॅम खाण्याचा आक्षेप खरा आहे, आणि एकूण ८ जीबी असताना तो जाणवतोही. मात्र कार्डाचे पैसे ८ जीबीच्या दोन स्टिककडे वळवले, तर ही अडचण सुटते आणि इतर प्रत्येक कामालाही त्याचा लाभ होतो. एकच स्टिक लावली की वेग निम्म्यावर येतो, ही चूक मात्र टाळावी.

सुधारणेला वाव नाही, हे साफ चूक आहे. मदरबोर्डवरचा स्लॉट रिकामाच असतो. कार्ड दोन वर्षांनीही घेता येते. ८७००जी कार्डाला आठच लेन (माहिती ये-जा करण्याचे मार्ग) देतो, त्यामुळे फार वेगवान कार्डाची कामगिरी थोडी घटू शकते, इतकीच मर्यादा. उलट आय५-१२४००एफसारख्या, नावाअखेरीस ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते. कार्ड बिघडले की मदरबोर्डवरच्या एचडीएमआय पोर्टमधूनही चित्र येत नाही आणि संगणक अडून बसतो.

थ्रीडी रेंडरिंग, मशीन लर्निंग किंवा जड गेम यांसाठी मात्र वेगळे कार्ड हवेच. १२ जीबीच्या आरटीएक्स ३०६० चा मेमरीवेग सेकंदाला ३६० जीबी आहे, आणि ८७००जीसारखा प्रोसेसर त्याच्या जवळपासही जात नाही. पण ज्याला हे काम करायचे आहे, त्याचे काम २ जीबीच्या त्या स्वस्त कार्डानेही भागणार नाही.