पंप चालू आहेत का, ते आधी बघा

युद्धसरावाचे व्हिडिओ मी चवीने बघतो, हे आधीच कबूल करून टाकतो. त्यातही जहाजाचं मागचं दार उघडतं, उतरणीवरून एकेक चिलखती गाडी घसरत येते, नाक पाण्यात खुपसते, क्षणभर दिसेनाशी होते आणि मग बदकासारखी वर येऊन किनाऱ्याकडे निघते, तो भाग. कितीदाही बघितला तरी अंगावर काटा येतो. खाली कमेंटमध्ये आगीच्या इमोजींची रांग लागलेली असते. एखादी मीही ठोकून दिली असेल.

हल्ली मात्र माझी नजर दुसरीकडेच जाते. गाडीच्या अंगातून पाण्याची पिचकारी बाहेर पडतेय का, ते मी शोधतो. एकदा कुणीतरी खाली विचारलं होतं, "भाऊ, ही गाडी गळतेय का?" गळतेय ना. सगळ्याच गळतात. पिचकारी दिसतेय म्हणजे आत शिरलेलं पाणी पंप बाहेर फेकतोय, म्हणजे सगळं ठीक आहे. काळजी करायची ती पिचकारी बंद झाल्यावर.

माझी बावीस वर्षं पंपांच्या देखभालीत गेली. सैन्याशी काडीचा संबंध नाही. पण सील आणि गॅस्केट (गळती रोखणारे भाग) आणि इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) यांची भाषा सगळीकडे एकच असते, आणि त्याच भाषेत मला हा विषय कळतो.

आता हिशोब बघा. बीएमपी-2 ही पाण्यातही तरंगणारी चिलखती गाडी, साधारण 14 टनांची. ती तरंगायची तर तिने 14 टन पाणी बाजूला सारायला हवं, म्हणजे ढोबळ 14 हजार लिटर. गाडी म्हणजे लोखंडाची बंद पेटीच, त्यामुळे ते जमतं. पण जमतं ते काठावर. पाण्यातल्या गाडीचा फोटो बघा, वर किती भाग उरलाय ते बघा. आत शिरलेला प्रत्येक लिटर म्हणजे वाढलेलं एक किलो. आणि हे किलो पोत्यासारखं एका जागी गप्प बसत नाही. गाडी डावीकडे कलली की सगळं पाणी डावीकडे धावतं आणि ती आणखी कलते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी लाटा अडवणारी पुढची फळी उभी करतात, झाकणं आवळतात, तळाची बुचं तपासतात, पंप चालवून बघतात. कंटाळवाणं काम. त्याचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

30 जुलै 2020. कॅलिफोर्नियाजवळच्या सॅन क्लेमेंटी बेटावरून अमेरिकन मरीन, म्हणजे समुद्रातून किनाऱ्यावर उतरणारे सैनिक, सराव संपवून जहाजाकडे परत निघाले होते. त्यातली एक एएव्ही, म्हणजे सुमारे 26 टनांची, पट्ट्यांवर चालणारी उभयचर गाडी, वाटेत बुडाली. आत 16 जण होते. 9 गेले, 8 मरीन आणि 1 नौसैनिक. गाडी सापडली ती 385 फूट खोल.

त्या अपघाताच्या चौकशीत जे बाहेर आलं ते वाचताना माझे हात गार पडले, कारण त्यात अनोळखी असं काहीच नव्हतं. तुकडीला मिळालेल्या गाड्या मुळातच वाईट अवस्थेत होत्या, बहुतेक चालू स्थितीतही नव्हत्या. त्या दिवशी आत पाणी येऊ लागलं, गिअरबॉक्सने दगा दिला, इंजिनची ताकद गेली आणि तिच्यावर चालणारे पंप पाण्याला पुरे पडेनात. नियम असा की पाणी घोट्याला लागलं की माणसं बाहेर काढायला सुरुवात करायची. घोट्याला पाणी लागल्यानंतर प्रत्यक्ष हालचाल होईपर्यंत सुमारे 45 मिनिटं गेली. वरून संकटाचा बावटा हलवला जात होता. जवळ बचावाची होडी नव्हती. मदतीला आलेली दुसरी गाडी हिच्यावर आदळली, ही लाटेला आडवी झाली, आणि माणसं बाहेर काढायला नुकत्याच उघडलेल्या झाकणातून लाट आत शिरली. आतल्या काही पोरांचं पाण्याखालून बाहेर पडायचं प्रशिक्षणही पूर्ण झालेलं नव्हतं.

45 मिनिटं! तेवढ्यात मी एक पंप खोलून सील बदलून परत बसवतो.

यंत्राबद्दल एक गोष्ट बाहेरच्या माणसाला पटत नाही. वापरून यंत्र जितकं खराब होतं, त्याहून जास्त ते उभं राहून खराब होतं. रबर वाळतं, कडक होतं, बोटाने दाबलं तर बारीक भेगा दिसतात. ग्रीसचा मेण होतो. बाहेरून रंग मारलेला असला की गाडी नवी दिसते. त्या अपघातानंतर अमेरिकन मरीननी बाकीच्या एएव्ही तपासल्या, तर बहुसंख्य गाड्या तपासणीत नापास झाल्या. कुठे पाणी मर्यादेपेक्षा जास्त शिरत होतं, कुठे बाहेर पडायची वाट दाखवणारे आणीबाणीचे दिवे पेटत नव्हते. म्हणजे ती एकच गाडी कमनशिबी होती असं म्हणायची सोय नाही. 2021 च्या डिसेंबरात या गाड्यांचं पाण्यात उतरणंच थांबवण्यात आलं.

पण नुसत्या सीलवर खापर फोडून मला मोकळं व्हायचं नाही. बिघडलेलं यंत्र माणसाला पुरेसा वेळ देतं, हा माझा अनुभव आहे. आवाज बदलतो, तापतं, थेंब पडतो. माणूस दगावतो तो "आत्ता थांबवलं तर वेळापत्रक कोलमडेल" या वाक्यामुळे. आमच्याकडेही एकदा पंपाचा ग्लँड (फिरत्या दांड्याजवळ पाणी अडवणारा भाग) गळत असताना मला "शिफ्ट संपेपर्यंत चालू दे" असं सांगण्यात आलं होतं आणि मी मान डोलावली होती. मोटर जळाली, माणूस वाचला. मान डोलावली याची लाज अजून वाटते. सरावात तर समोर शत्रू नसतो. कुणी गोळ्या झाडत नसतं. जगातला कुठलाही देश त्या दुपारी हरणार नसतो. मग त्या गाडीत बसलेल्या सगळ्यात धाकट्या पोराने "साहेब, घोट्याला पाणी लागलं, मी बाहेर पडतोय" म्हटलं, तर त्याला शाबासकी मिळायला हवी. सराव यासाठीच असतो असं माझं मत आहे. "नाही" म्हणायची सवय तिथे लागली नाही तर ती लढाईत कुठून येणार?

आणि लढाईतही "नाही" लागतो. 1944 चं उदाहरण बघा. निकोलस स्ट्रॉस्लर नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या इंजिनिअरने साध्या रणगाड्याला पोहायला लावायची युक्ती काढली होती. भोवती जाड कॅनव्हासची भिंत, रबरी नळ्यांत हवा भरून उभी केलेली. पाण्यात ती भिंतच होडीचं काम करायची. तीस टनांचा शर्मन रणगाडा आणि त्याला तारणारं कापड! हे डोक्यात आलं त्या माणसाच्या धाडसाला सलाम, पण आतल्या माणसांच्या धाडसाला जास्त. अशा रणगाड्यांचा सराव 4 एप्रिल 1944 ला इंग्लंडच्या स्टडलंड उपसागरात चालू होता. हवा फिरली, लाटा वाढल्या, रणगाडे बुडाले, 6 जण गेले. त्या पलटणीचं नाव फोर्थ/सेव्हन्थ रॉयल ड्रॅगून गार्ड्स. 6 जूनला, दोस्तांच्या फौजा फ्रान्समध्ये उतरल्या त्या दिवशी, नॉर्मंडीच्या गोल्ड किनाऱ्यावर समुद्र खवळलेला दिसला तेव्हा तिथले रणगाडे दूरवर पाण्यात न सोडता पार किनाऱ्यालगत नेऊन उतरवले गेले.

त्याच सकाळी नॉर्मंडीच्याच ओमाहा किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या 741 व्या टँक बटालियनचे 29 रणगाडे कित्येक किलोमीटर आधीच पाण्यात सोडले. 27 बुडाले. शेजारी 743 वी बटालियन होती. तिचे रणगाडे वाहून नेणाऱ्या नौकांचा प्रमुख होता लेफ्टनंट डीन रॉकवेल. त्याने लाटा बघितल्या, टँकवाल्यांच्या अधिकाऱ्याशी बोलला आणि ठरवलं की पाण्यात सोडायचं नाही, थेट वाळूवर नेऊन ठेवायचं. आदेशपत्र एकच होतं, समुद्रही एकच. थेट वाळूपर्यंत गेलं तर नौकांवरच गोळे पडण्याचा धोका होता, तरी रॉकवेलने तो निर्णय घेतला. मला या सगळ्या विषयातला सगळ्यात मोठा माणूस तोच वाटतो.

अजून एक गोष्ट. त्या कापडी रणगाड्यांच्या माणसांना 1944 साली, महायुद्धाच्या घाईतसुद्धा, पाण्याखालून सुटायचं शिकवलं जायचं. टाकीच्या तळाशी रणगाडा ठेवायचा, माणसं आत बसवायची, वरून पाणी सोडायचं, नाकतोंडाला श्वासाचं उपकरण लावून बाहेर यायचं. 76 वर्षांनी, शांततेत, त्याला वेळ मिळाला नाही.

"नवी गाडी घ्या की मग" असं म्हणणारे येतीलच, म्हणून तेही. अमेरिकेनेच पाण्यावर सुसाट पळणारी गाडी बनवायचा प्रयत्न केला होता, ईएफव्ही. क्षेपणास्त्रांच्या भीतीने जहाजं किनाऱ्यापासून लांब ठेवायची तर मधलं अंतर झटपट कापायला हवं, म्हणून साध्या गाडीच्या कित्येक पट ताकदीचं इंजिन. जवळपास 3 अब्ज डॉलर गेले आणि 2011 मध्ये प्रकल्प गुंडाळला. त्यानंतर आली आठ चाकांची एसीव्ही. 2022 च्या जुलैत कॅलिफोर्नियातल्या मरीनच्या कॅम्प पेंडलटन तळाजवळच्या मोठ्या लाटांत एक गाडी आडवी झाली आणि दुसरी बंद पडली. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. मग लाटांची मर्यादा नव्याने ठरवली आणि चालकांना परत शिकवायला घेतलं. जुनी पट्ट्यांची गाडी चालवणाऱ्याला चाकांची गाडी लाटेत वेगळी वागते हे कोण सांगणार? गाडी नवी आली तरी हात जुनेच असतात.

आणि पाणी फक्त समुद्रातच नसतं. 28 जून 2024 ला पूर्व लडाखमध्ये सासेर ब्रांगसाजवळ आपला टी-72 रणगाडा सरावावरून परतताना श्योक नदीत अडकला. रात्रीची वेळ, नदीचं पाणी अचानक वाढलं, आपले 5 जवान गेले. टी-72 तरंगत नाही, तळावरून चालत पाणी ओलांडतो, म्हणजे प्रकार वेगळा. त्या रात्री तिथे कुणी काय करायला हवं होतं यावर घरात पंख्याखाली बसून मी बोलणार नाही. एवढंच लक्षात राहिलं की सॅन क्लेमेंटीलाही माणसं परतीच्या वाटेवर होती. परतताना सगळे सैलावलेले असतात. आमच्या शटडाउनमध्येही, म्हणजे कारखाना बंद ठेवून देखभाल करतो तेव्हा, बोटं चेमटतात ती शेवटच्या दिवशी, सामान आवरताना.

मागे एका ग्रुपवर हेच लिहिलं तर एक काका चिडले. "अशी मऊ फौज लढणार कशी? घाम गाळला तर रक्त वाचतं." काका, घामाबद्दल वाद नाही. थंड पाण्यात, रात्री, लाटेत, गाडी उलटी करून, डोळे बांधून बाहेर पडायला लावा त्यांना, दहा वेळा लावा. हे मऊ आहे का? उलट हे कठीण, खर्चिक आणि वेळखाऊ आहे, म्हणूनच यादीत ते सगळ्यात आधी कापलं जातं. गाडी धूर सोडत किनाऱ्यावर चढते तो भाग मात्र कधीच कापला जात नाही, कारण तिथे पाहुण्यांचा मंडप असतो.

काल रात्री परत एक व्हिडिओ आला. पाच गाड्या, ओळीने, संथ पाणी, ड्रोनने वरून घेतलेलं. मी आवाज बंद केला आणि थांबवत थांबवत बघितला. पाचही गाड्यांच्या बाजूने पाणी उडत होतं. उजव्या कोपऱ्यात एक नारिंगी होडी होती, चौकटीच्या जेमतेम आत. पुढे कॅमेरा वळला तेव्हा दुसरीही दिसली, दोन माणसं उभी, दोघांचीही तोंडं गाड्यांकडे.

मग मी लाइक केलं.