सातबारा दाखवला की बिल माफ होत नाही

एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या धर्मादाय रुग्णालयावर अनामत रकमेसाठी रुग्णाला दाखल न केल्याचा आरोप झाला, त्यानंतर ‘सरकारी जमिनीवरची हॉस्पिटलं’ या विषयावर मेसेजचा पूर आला. राग समजण्यासारखा होता, म्हणून मी गप्प होतो. पण परवा सोलापूरच्या मावशीनं काकांच्या अँजिओप्लास्टीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचाच नाही असं ठरवलं. का, तर “मेसेजमध्ये लिहिलंय, कागद लागत नाही.” आता तो मेसेज एकेक मुद्दा घेऊन बघू.

“सरकारनं १ रुपयात जमीन ट्रस्टला देऊन टाकली, ३० वर्षांनी ट्रस्टच मालक.”

नाममात्र भाडं अनेक ठिकाणी असतं, हे खरं. पण भाडं देतात ते मालकालाच ना? शासकीय जमीन संस्थेला एक तर भाडेपट्ट्यानं मिळते, नाहीतर भोगवटादार वर्ग २ म्हणून, म्हणजे अटी घालून. ज्या कामासाठी दिली तेच काम करायचं, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या नावे करायची नाही. अट मोडली तर तो शर्तभंग, आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. वर्ग २ ची वर्ग १, म्हणजे बिनअटीची, करून देणारे नियम आहेत, पण ते शेती, निवासी, व्यापारी, औद्योगिक जमिनींचे, तेही अधिमूल्य भरून. आपोआप काही होत नाही. शर्तभंगावर खरंच कारवाई किती होते, हा प्रश्न मात्र मेसेजवाल्यानं विचारायला हवा होता. तो त्याला सुचला नाही.

“हॉस्पिटलचा सातबारा काढा. मालक ‘महाराष्ट्र शासन’ असेल तर ते सरकारी हॉस्पिटल. बिल भरू नका.”

धन्य आहे! पहिल्या मुद्द्यात जमीन ट्रस्टच्या घशात गेली होती, इथं ती परत सरकारच्या नावावर आली. शिवाय शहरातल्या बहुतेक जागांना सातबारा नसतो, मिळकतपत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) असते. ती घेऊन बिलिंगच्या खिडकीशी उभं राहिलं तर पुढे काय होईल हे सांगायला नको.

महाराष्ट्रात गरीब रुग्णाचा हक्क जमिनीच्या उताऱ्यावर ठरत नाही. तो रुग्णालय धर्मादाय म्हणून नोंदलेलं आहे का यावर ठरतो. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ कक आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये लागू केलेली योजना, एवढं वाचलं तरी पुरे. १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी, पूर्ण मोफत. आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात. हा खर्च भागवायला रुग्णालयानं एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची. म्हणजे ट्रस्टनं स्वतःच्या पैशानं जागा घेतली असली तरी काकांचा हक्क बुडत नाही. मेसेजवर विश्वास ठेवणारा माणूस अशा रुग्णालयात विचारायलाही जाणार नाही, आणि खरं नुकसान तिथं होतं.

“कोणतेही कागदपत्र मागता येत नाही.”

मागता येतं. निर्धनसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार, दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. ती सिद्ध करायला तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड लागतं. तातडीच्या रुग्णाला मात्र आधी दाखल करून घ्यायचं, कागद नंतर. या एका ओळीचं “कागदच नको” कुणी केलं कोण जाणे. काकांची अँजिओप्लास्टी पुढच्या महिन्यात ठरलीय. दाखला काढायला वेळ आहे, मावशी!

“२५ टक्के मोफत, सुप्रीम कोर्टाचा आदेश.”

आदेश खरा, पण दिल्लीचा. जुलै २०१८ चा. सवलतीत जमीन घेतलेल्या तिथल्या रुग्णालयांनी बाह्यरुग्ण विभागात २५ टक्के आणि दाखल रुग्णांत १० टक्के गरिबांवर मोफत उपचार करायचे, असा. तिथं मुद्दा जमिनीच्या अटीचाच होता.

“डिपॉझिट मागता येत नाही.”

निर्धन आणि दुर्बल घटकांच्या रुग्णांकडून नाही मागता येत, योजनेतच तसं लिहिलंय. सरसकट सगळ्यांना ते लागू नाही, पण अख्ख्या मेसेजमध्ये एवढं एक वाक्य कामाचं आहे. आणि रुग्णालयं ते मोडतात, हेही कबूल.

शेवटी “अशा संस्थांना जमीन देणंच बंद करा” अशी आरोळी आहे. बंद केली तर त्या जागेवर सरकार उद्या स्वतःचं रुग्णालय बांधेल, असं मानायला मला तरी आधार दिसत नाही. अटी कडक करा, रिकाम्या खाटा रोज जाहीर करायला लावा, याला माझी ना नाही.

मावशीसाठी आणि तिच्या व्हॉट्सॲप गटातल्या इतरांसाठी: दाखला आणि रेशनकार्ड घेऊन आधी रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा. धर्मादाय योजनेतली खाट हवी असा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नकार मिळाला तर त्याच पोचेसह जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.