स्टॅम्पपेपरवरच्या घटस्फोटाचा तो मेसेज चुकीचा आहे

ऐरोली-घणसोलीतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'सुप्रीम कोर्टाचा निकाल! आता सहा महिने थांबायला नको, दोघांनी पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर सह्या करून नोटरी केली की घटस्फोट.' हे खरं नाही.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब नुसार नवरा-बायको किमान वर्षभर वेगळे राहत असतील, तर दोघं मिळून न्यायालयात अर्ज करतात. त्यानंतर सहा महिने थांबावं लागतं. ही सहा महिन्यांची अट न्यायालय योग्य प्रकरणात माफ करू शकतं, एवढंच सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये म्हटलं. २०२३ च्या निकालात राज्यघटनेच्या कलम १४२ खाली थेट घटस्फोट देण्याचा जो अधिकार सांगितलाय, तोही फक्त सुप्रीम कोर्टाचा आहे. नोटरी केली की घटस्फोट होतो, असं दोन्ही निकालांत म्हटलेलं नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होतो, कायदा तो मानतोही, पण ती रूढी सिद्ध करावी लागते.

नोटरीचा लाल शिक्का सही कोणाची एवढंच सांगतो. लग्न मोडायचा अधिकार त्याला नाही. त्या कागदाच्या भरवशावर कोणी दुसरं लग्न केलं, तर पहिलं कायम असल्याने दुसरं रद्दबातल ठरतं आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यात सगळ्यात जास्त भरडली जाते ती दुसऱ्या लग्नाची बाई, आणि मला काळजी तिची आहे.

वकिलाची फी परवडत नसेल म्हणून कोणी या वाटेला जात असेल, तर ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका; पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.