कॉन्स्टंटाइनच्या १९ च्या सरासरीबद्दल

माझ्या लेखावरच्या तुमच्या प्रतिक्रियेचा रोख असा: वेस्ट इंडिजचा अष्टपैलू लिअरी कॉन्स्टंटाइनने १८ कसोटींत १९.२४ च्या सरासरीने ६३५ धावा केल्या, ५८ बळी घेतले तेही ३०.१० च्या सरासरीने. एवढ्या भांडवलावर मी त्याला थोर ठरवलं आणि कमी पडलं तिथे वर्णभेदाची कहाणी जोडली. आकडे तुम्ही बिनचूक दिलेत. निष्कर्ष मात्र मला मुळीच पटत नाही.

१९२८ साली, वेस्ट इंडिजच्या पहिल्यावहिल्या कसोटी मालिकेत, तो फिका पडला हे खरंच. तीन कसोटींत पाच बळी, एकही अर्धशतक नाही. पण त्याच वर्षी जूनमध्ये लॉर्ड्सवर मिडलसेक्स या इंग्लिश काउंटी संघाविरुद्ध काय घडलं ते बघा. मिडलसेक्सने ६ बाद ३५२ वर डाव सोडला. वेस्ट इंडिज ५ बाद ७९, फॉलोऑनचं संकट डोक्यावर. कॉन्स्टंटाइन आला आणि तासाभराच्या आत ८६ ठोकून गेला. मग चेंडू हातात घेऊन ५७ धावांत ७ बळी. मिडलसेक्स १३६ त गारद. जिंकायला २५९ हवेत आणि पुन्हा ५ बाद १२१. पुन्हा तोच मैदानात, तासाभरात १०३! त्याचा एक सरळ फटका गोलंदाज जॅक हर्नच्या हातावर असा बसला की हर्नचा तो मोसमच संपला. सामना तीन गडी राखून खिशात. हा सामना कसोटीच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. त्रिनिदादमध्ये काळ्या माणसाला क्रिकेटवर घर चालवता येत नव्हतं. कॉन्स्टंटाइन वकिलाच्या कचेरीत कारकुनी करायचा. म्हणून १९२९ पासून त्याने इंग्लंडमधल्या लँकेशायर लीग या क्लब स्पर्धेतल्या, नेल्सन या गिरणगावाच्या क्लबची नोकरी धरली. नऊ मोसमांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली आणि उरलेल्या दोन्ही वेळा दुसरा क्रमांक सोडला नाही. त्याचे बळी ७७६, सरासरी ९.५०. 'क्लब क्रिकेटच ते' असं म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या, की प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू पदरी ठेवायचा, आणि १९३४ पासून हॅस्लिंग्डन या क्लबकडे तर वेस्ट इंडिजचा थोर फलंदाज जॉर्ज हेडली होता. पण नोकरी म्हटली की मालकाची परवानगी आली. १९३३ ला वेस्ट इंडिज इंग्लंडमध्ये तीन कसोटी खेळत असताना कॉन्स्टंटाइनला एकच खेळायला मिळाली, ओल्ड ट्रॅफर्डची. त्यातही दुसऱ्या डावात ६४ काढल्या. ज्या वर्णभेदाला तुम्ही जोडलेली कहाणी म्हणता, तो तुमच्याच आकड्यांच्या पोटात आहे.

क्षेत्ररक्षणाचा तर तुम्ही उल्लेखही केला नाहीत. १८ कसोटींत २८ झेल!

राहिला हॉटेलचा खटला, जो तुम्हाला लेखात नको आहे. १९४३ साली तो लॉर्ड्सवर सामना खेळायला लंडनला आला होता. बायको-मुलीसह चार रात्रींसाठी इम्पीरियल हॉटेलमध्ये खोल्या आधीच घेतलेल्या. काळा माणूस राहिला तर तिथे उतरलेल्या अमेरिकन पाहुण्यांना खपणार नाही, म्हणून त्याला बाहेरचा रस्ता दाखवला गेला. त्याने दावा लावला आणि १९४४ ला जिंकला. भरपाई अवघी पाच गिनी. विनाकारण प्रवाशाला दारातून परतवता येत नाही, हा जुना कायदा त्याने कोर्टाकडून वदवून घेतला. क्रिकेट खेळायला गेलेल्या क्रिकेटपटूचीच ही हकिगत आहे; ती मी लेखातून काढणार नाही.

आणि आकडेच हवेत तर हेही धरा: वेस्ट इंडिजला कसोटी दर्जा मिळाल्यावर इंग्लंडमध्ये दौऱ्यावरच्या संघातून त्याला अख्खा मोसम दोनदाच खेळायला मिळाला. १९२८ मध्ये १०७ बळी, १९३९ मध्ये १०३. या दुसऱ्या वेळी तो ३७ वर्षांचा होता, आणि ओव्हलवर, त्याच्या शेवटच्या कसोटीत, ७५ धावांत ५ बळी घेऊन वर ७९ धावा कुटल्या.