लपवणं आणि कुलूप लावणं: एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: मी म्हटलं होतं की घरातली बंदूक नुसती लपवून ठेवू नका, रिकामी करून कुलुपात ठेवा आणि काडतुसं वेगळ्या कुलुपात. त्यावर तुमचं म्हणणं असं की सेफ (बंदुकीची तिजोरी) म्हणजे चोराला "माल इथे आहे" अशी पाटी, पुस्तकांच्या मागे, खोट्या तळाच्या ड्रॉवरमध्ये किंवा चुंबकाने उघडणाऱ्या भिंतीवरच्या पोकळ फळीत ठेवलेली बंदूक घरातल्या कुणालाही सापडत नाही, मुलांना एकदा नीट समजावलं की ती हात लावत नाहीत, आणि रात्री कुणी घरात घुसलं तर काय किल्ली शोधत बसायचं? "खुर्चीत बसून लिहायला काय जातंय" असाही एक टोला आहे, तो घेतला आणि बाजूला ठेवला.

चोराचा मुद्दा आधी घेतो कारण त्यात तुमचं निम्मं बरोबर आहे. बंदूक घरात आहे हे जितक्या कमी लोकांना माहीत तितकं चांगलंच, आणि ही गोष्ट बहुतेक वेळा कपाटातून नाही तर आपल्याच तोंडातून बाहेर जाते. सेफचा रिकामा खोका दाराबाहेर ठेवला जातो, गाडीवर बंदुकीचं स्टिकर असतं, रायफलची केस भरदुपारी सगळ्यांसमोर डिकीतून काढली जाते, नवीन पिस्तुलाचा फोटो स्टेटसला लागतो. हे सगळं बंद करा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण घरात शिरलेला चोर बहुतेकदा आधी बेडरूममध्येच जातो, गादी उलटतो, ड्रॉवर ओढून पलंगावर पालथे करतो, कपाटातल्या कपड्यांखाली हात घालतो, म्हणजे आपण ज्यांना "कुणाला सुचणारच नाही" अशा जागा म्हणतो त्या त्याच्या रोजच्या वाटेवरच्या आहेत. सेफही कपाटाच्या आत, कपड्यांच्या मागे ठेवता येतो की, आणि आतून बोल्ट मारून जमिनीला किंवा भिंतीला पक्का करता येतो. बोल्ट न मारलेला छोटा सेफ मात्र चोर सरळ काखेत मारून नेतो आणि नंतर निवांत फोडतो, तिथे तुमची टीका मला मान्य आहे. आणि सेफ म्हणजे किल्ला नव्हे हेही सांगतो. बऱ्याच घरगुती सेफवर सुरक्षा चाचण्या घेणाऱ्या अमेरिकेतल्या यूएल संस्थेचा 'आरएससी' (घरगुती वापराची सुरक्षित पेटी) शिक्का असतो, त्याच्या मूळ पातळीच्या चाचणीत स्क्रूड्रायव्हर, हातोडा, पहार असल्या साध्या हत्यारांसमोर तो पाच मिनिटं टिकला की पास. पाच मिनिटं कमी वाटतात, पण पुस्तकं सरकवायला पाच सेकंद लागतात.

आता "घरात कुणालाच माहीत नाही" याबद्दल, कारण खरं भांडण इथेच आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात बंदूक असलेल्या घरांमधल्या आईवडिलांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं गेलं. जे पालक म्हणाले की आमच्या मुलांना जागा माहीत नाही, त्यांच्यापैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं पाडलं. जे म्हणाले मुलांनी कधी हात लावलेला नाही, त्यातल्या २२ टक्क्यांचीही तीच गत. मुलं दिवसभर घरात असतात हो, खुर्चीवर चढतात, कंटाळतात, वाढदिवसाची गिफ्ट आधीच हुडकून काढतात!

समजावण्याचं म्हणाल तर २००१ चा एक प्रयोग आहे. ८ ते १२ वर्षांचे मुलगे दोघे-तिघे मिळून एका खोलीत सोडले, ड्रॉवरमध्ये खरं पण निकामी केलेलं पिस्तूल ठेवलेलं, आणि आरशाआडून बघायचं काय होतं. २९ गटांपैकी २१ गटांना ते सापडलं, १६ गटांनी हाताळलं, १० गटांत कुणी ना कुणी ट्रिगर दाबला. वेळ होता फक्त १५ मिनिटं. आणि ज्यांनी हात लावला त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त मुलांना बंदुकीबद्दल आधी कधीतरी समजावलेलं होतं. ज्यांना पिस्तूल सापडलं त्यातल्या जवळपास निम्म्या मुलांना तर ते खेळणं वाटलं किंवा खरं की खोटं कळलंच नाही. तेव्हा समजावा, जरूर समजावा, पण त्याच्या भरवशावर कुलूप काढू नका.

लपवलेल्या जागेचा अजून एक घोळ म्हणजे ती फक्त एकाच डोक्यात असते. मालक हॉस्पिटलमध्ये, किंवा गेलाच, आणि घर रंगवायला काढलं की फळीमागून भरलेली रिव्हॉल्वर रंगाऱ्याच्या हातात. कुलूपबंद पेटी सापडली तर निदान समजतं की आत काहीतरी जपून ठेवण्यासारखं आहे.

रात्रीचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला किल्ली हे उत्तर नाही. पलंगाजवळ पक्का केलेला, अंधारातही बोटांनी चाचपून दाबता येईल अशा चार-पाच बटणांचा छोटा लॉकबॉक्स घ्या, सराव असला की काही सेकंदांत उघडतो. बोटांच्या ठशांवर चालणारा घेणार असाल तर आणल्या आणल्या आपले ठसे नोंदवा आणि मग घरातल्या दुसऱ्या कुणाचंतरी बोट लावून बघा. अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये असे सुमारे ६१ हजार सेफ परत मागवले गेले, कारण ते कुणाच्याही बोटाने उघडू शकत होते, आणि अशाच एका सेफमधून काढलेल्या बंदुकीने एका १२ वर्षांच्या मुलाचा जीव गेल्याचा दावा कोर्टात दाखल झाला होता. ट्रिगर लॉक, म्हणजे ट्रिगरभोवती बसणारं कुलूप, मात्र भरलेल्या बंदुकीवर कधीच बसवायचं नाही, बसवतानाच ट्रिगर दाबला जाऊ शकतो.

आणि एक गोष्ट तुम्ही काढली नाहीत तरी मी काढतो. घरात कुणी फार खचलेलं असेल तर लपवणं तर नकोच, पण कुलूपही पुरेसं नाही, बंदूक काही काळ घराबाहेर, कायद्यात बसेल अशा जागी ठेवा. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये सुट्टीला घरी जाणाऱ्या सैनिकांना शस्त्र तळावरच ठेवायला लावलं आणि तरुण सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या.

तुमच्या फर्निचरबद्दल. चुंबक लावला की उघडणारी ती भिंतीवरची फळी मलाही आवडते, काम सुरेख असतं, पण बऱ्याच फळ्यांचं ते "कुलूप" म्हणजे लाकडात बसवलेला एक खटका, फ्रिजवरचा जोरकस चुंबक फिरवला तरी सुटू शकतो. ठेवायचीच असेल तर फळी राहू दे, तिच्या आत पोलादी लॉकबॉक्स बसवा आणि बंदूक त्यात. मग लपलेलीही आणि बंदही. फक्त चामड्याच्या होल्स्टरसकट (कमरेला लावायच्या म्यानासकट) आत ढकलू नका, चामडं ओल धरतं आणि स्लाईडवर, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकणाऱ्या पोलादी भागावर, बरोबर होल्स्टरच्या आकाराचे तांबूस डाग उमटतात, फोमच्या केसचंही तेच. पुसून, तेलाचा पातळ हात फिरवून, होल्स्टर किंवा केसशिवाय नुसतीच लॉकबॉक्समध्ये ठेवा, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि ती पुडी अधूनमधून बदला, कारण ओलीगच्च झालेली पुडी काहीच शोषत नाही.